मचव्याला बांधलेला ताण

आधीचं लिहिलेलं वाचून माझी सून वर्षा म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं डेरिक डेरिक लिहून ठेवलंय. वाचणाऱ्याला डेरिक म्हणजे काय ते कुठून कळणार?" ती शाळेत शिकवते, त्यामुळे सगळं आधी समजावून सांगायची तिला सवय. माझी शाळा तिसरीत सुटली, ती गुरुजींच्या चुकीनं सुटली, माझ्या नाही, असं मी अजून म्हणतो. माझ्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तिनं दुरुस्त करावेत पण वाक्यांना हात लावू नये, असं आमचं ठरलेलं आहे. तिचं हे म्हणणं मात्र मला पटलं. नवं शतक लागल्यापासून आमच्या सोसायटीभोवती इतक्या इमारती उठताहेत की गॅलरीत उभं राहिलं तर चार-पाच क्रेन एका वेळी दिसतात. पिवळ्याधमक, आणि वर काचेच्या खोलीत एकटा माणूस बसून दांडे ओढतोय. नातवाला वाटतं, वजन उचलायचं म्हणजे तेच. मी ज्या यंत्रावर हात टाकला त्यात वीज नव्हती, डिझेल नव्हतं. एक लाकूड आणि दोर, बस्स.

तर डेरिक म्हणजे एक उभा वासा. त्याला उभं राहणं तेवढं ठाऊक असतं; पडू न देणं हे त्याचं काम नाही. ते काम ताणांचं. ताण म्हणजे वाशाच्या डोक्यापासून चहूकडे जमिनीपर्यंत ओढून बांधलेले दोर. वाशाच्या डोक्याला एक कप्पी, म्हणजे लाकडाच्या घरात फिरणारी चाकं, आणि वजन अडकवायच्या आकड्याला दुसरी कप्पी. या दोघींमधून दोर चार वेळा वरखाली फिरवायचा. आता वजन एका दोरावर नाही, चार दोरांवर लटकतं. वजन कमी होत नाही, वाटलं जातं. मढं चार खांद्यांवर गेलं की हलकं वाटतं, तसंच. पण देवानं फुकट काही दिलेलं नाही: वजन एक हात वर न्यायचं तर माणसांनी चार हात दोर ओढायचा. वासा सरळ उभा असला तर ताण आरामात असतात. वजन बाजूला टाकायचं म्हणून वासा पुढं झुकवला की मागचे ताण कण्हायला लागतात, आणि जितका झुकवाल तितका त्यांचा जीव जातो. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून ज्या बाजूचा ताण गेला, त्या बाजूनं वाशाला धरणारं कुणी उरत नाही. एवढं कळलं की डेरिक कळला. मला हे कळायला एक दिवस लागला, आणि तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हा आमचं घर भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अगदी काठाला. खाडीच्या बाजूला भिंत कुडाची, वर कौलं, आणि पुढं एवढं मोठं अंगण की सुकत घातलेल्या जाळ्यावरून उडी मारल्याशिवाय दाराशी येता यायचं नाही. खाडीवरच्या रेल्वेच्या पुलावरून गाडी गेली की घरातली पितळी भांडी एकमेकांना टकटक करायची. पाहुण्याला वाटायचं चोर आला, आम्हाला ते ऐकूच यायचं नाही. खरा आवाज भरतीचा. चिखलातून पाणी वर चढायला लागलं की बारीक बारीक बुडबुडे फुटतात, भात रटरटतो तसे, आणि आय चुलीपुढून न उठता सांगायची, पाणी फिरलं. ओहोटीला ती चिखलात उतरून निवट्या पकडायची. निवटी हा मासा असून चिखलावर उड्या मारत चालतो, त्याला पकडायला डोळा आणि हात दोन्ही लागतात. तिरफळ आणि हिरवी मिरची वाटून केलेलं ते कालवण आणि तांदळाची भाकरी. आजकाल केबिन रोडला हॉटेलात मुलगा घेऊन जातो, पापलेट मागवतो, मी खातो, चांगलं असतं. पण निवटी म्हटलं की वेटर तोंडाकडे बघतो.

माझा बा, जोमा, बोलायला कमी. आमची होडी शिडाची होती. वारा पडला की खाडीच्या तोंडाशी आम्ही बसून राहायचो आणि ज्यांच्याकडे इंजिन आलेलं ते उत्तनचे लोक आमच्या शेजारून फटफट करत निघून जायचे, जाताना हात हलवायचे. बा हात हलवायचा नाही. एका वर्षी त्यानं ठरवलं, आणि मुंबईच्या बंदरातल्या एका मोडीत निघालेल्या लाँचमधलं इंजिन आमच्यासाठी ठरलं. त्यासाठी घरानं काय काय केलं ते लिहीत बसत नाही. एवढंच लिहितो की ते पडून फुटलं असतं तर दुसरं येणार नव्हतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं इंजिन. बीड वाकत नाही, पडलं की तडकतं. स्टेशनच्या मालधक्क्यापासून ते बैलगाडीतून आमच्या काठापर्यंत आलं, गाडीचं चाक दोनदा रुतलं, आणि शेवटी काठावर दोन ओंडक्यांवर येऊन बसलं. काळं, तेलकट, आमच्या चुलीच्या खोलीएवढं वाटलेलं. आयनं त्याला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "याला खायला काय घालायचं, ते आधी विचारून ठेवा."

काठावरून ते होडीत घालायचं कसं, हा प्रश्न. दहा माणसं उचलतील, पण दहा माणसं होडीच्या काठावर उभी राहिली तर होडीच उलटेल. मग बानं हुसेन सारंगांना बोलावलं. दाभोळकडचा माणूस, उभा जन्म मुंबईच्या गोदीत जहाजांच्या डेरिकवर काढलेला. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. बाची आणि त्यांची ओळख जुनी. कधीतरी वादळात बाच्या होडीतून ते किनाऱ्याला लागले होते, त्यावर दोघंही कधी बोलत नसत. ते आमच्या ओसरीवर सहा दिवस राहिले. सडपातळ, पांढरी दाढी, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. कानामागं एक विडी खोवलेली असायची, पण दिवसभर ती तिथंच. आयनं भीत भीत विचारलं, आमच्या हातचं चालेल का. ते म्हणाले, "बाई, समिंदरात जे पोहतं ते सगळं चालतं." निवट्यांचं कालवण त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्या दिवसापासून आय त्यांच्या पुढ्यात आधी वाढायची आणि बाच्या नंतर, आणि बानं ते पाहूनही पाहिलं नाही.

डेरिकचा वासा म्हणजे आमचीच जुनी डोलकाठी. तिचं बूड काठावर एका फळीवरच्या खळग्यात बसवलं, डोकं पाण्याकडे किंचित झुकलेलं. दोन ताण पुढं, ते हलके. दोन ताण मागं, एक उजवा, एक डावा, आणि सगळा भार या दोघांवर. बेत असा की भरतीला होडी काठाशी वर येईल, इंजिन उचलायचं, मग मागचे ताण हात-हात सोडत वासा पुढं झुकवायचा म्हणजे इंजिन आपोआप होडीवर जाईल, आणि हळूच खाली. आमच्या आळीतली आठ माणसं ओढायच्या दोराला. उजवा मागचा ताण माझ्या चुलत्याकडे, डावा माझ्याकडे. मी तेव्हा मिशी फुटलेला, दंडात ताकद आणि डोक्यात वारा. मला डावा ताण दिला म्हणून मी दोन दिवस छाती काढून चालत होतो.

पहिल्याच दिवशी सारंगांनी आम्हा सगळ्यांना बसवलं आणि दोन शब्द शिकवले. हबेस म्हणजे उचला, आरिया म्हणजे खाली सोडा. हे शब्द गोदीतले, कुठल्या देशातून आले देव जाणे. हे दोन शब्द फक्त सारंग बोलणार, दुसऱ्या कुणाची जीभ हलायची नाही. मग म्हणाले, "तिसरा शब्द थांब. तो कुणीबी बोलेल. बाई बोलली तरी थांबायचं, पोर बोललं तरी थांबायचं."

माझा चुलता हसला. म्हणाला, "आणि कुत्रा भुंकला तर?"

"तर बी थांबायचं. आणि थांब बोलणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाय. त्या टायमाला नाय, मागनं बी नाय. विचारलं की पुढच्या खेपेला तो गप बसतो. मग माणूस मरतो." असं म्हणून त्यांनी अर्धी बोटं असलेला हात मांडीवर ठेवला. कुणी पुन्हा हसलं नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. वजन जमिनीपासून एक वीत उचललं की तिथंच थांबायचं. दोराचं टोक खुंट्याला तीन वेढे देऊन अडकवायचं आणि सारंग दगडावर बसून कानामागची विडी काढणार, पेटवणार, आणि ती संपेपर्यंत कुणी काही करायचं नाही. विडी संपली, आणि काही हललं नाही, की मग पुढं. आमच्या लोकांना हे म्हातारपणाचे चोचले वाटले. भरती काय विडीसाठी थांबणार आहे, असं चुलता कुजबुजला. मलाही तसंच वाटलं, कारण मला सगळंच घाईनं करायचं होतं.

आता माझ्या डाव्या ताणाची गोष्ट. ताण जमिनीत कशाला तरी बांधायचा असतो. सारंगांनी सांगितलं होतं, कमरेइतका खड्डा खोद, त्यात जाड ओंडका आडवा पूर, त्याला दोर बांधून वर दगड-माती भर. उजव्या बाजूला जमीन घट्ट होती, चुलत्याचं काम दुपारच्या आत झालं. माझ्या बाजूला तिवरांच्या झाडीमागं सगळा चिखल. गुडघाभर खोदलं की पाणी, पाणी उपसलं की बाजू ढासळायची. दोनदा खोदलं, दोनदा बुजलं. तिसऱ्यांदा कंबर सरळ करायला उभा राहिलो तर झाडीपलीकडं, खाडीतून आत आलेल्या अरुंद नाळीत, मिठाचा मचवा चिखलात बसलेला. मचवा म्हणजे माल वाहणारी रुंद, बोजड नाव. मिठागरातल्या बायकांनी तो काठोकाठ भरला होता आणि मचव्याची माणसं जेवायला गेली होती. मी जाऊन त्याला खांदा लावला. डोंगराला लावल्यासारखं वाटलं. मला माझीच हुशारी एवढी आवडली की मी एकटाच हसलो. ओंडका कशाला पुरायचा, हा तर देवानंच पुरून ठेवलाय. मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधला, खेचून कडक केला, वर तिवराच्या फांद्या ओढून घेतल्या. खड्ड्याच्या जागी थोडी माती लोटली.

वाचणारा हुशार असेल तर त्याला एव्हाना कळलं असेल. कोळ्याच्या पोरानं काय विसरावं? तर भरती विसरावी. ज्या भरतीची वाट बघत अख्खी आळी काठावर बसली होती, ती आमच्या होडीला वर आणणार आणि मचव्याला मात्र खालीच ठेवणार, असं मी धरून चाललो होतो. आज हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

सारंग ताण तपासत आले. झाडीच्या अलीकडूनच त्यांनी दोरावर बोटं मारली, तानपुऱ्यावर मारावीत तशी. दोर टणटणला. विचारलं, "काशा, लकडा पुरलास?"

"पुरला."

"किती?"

"कमरेइतका."

खोटं बोललो ते घाबरून नाही. दोनदा खड्डा बुजला हे सांगायचं नव्हतं म्हणून. चुलत्याचं काम झालं आणि माझं नाही, हे सांगायचं नव्हतं म्हणून. सारंगांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि गेले.

दुपार कलली, पाणी चढलं. आमची होडी काठाशी येऊन डुलायला लागली. बा होडीत उभा, इंजिन जिथं बसायचं त्या लाकडी बैठकीवर दोन्ही हात टेकून. आय आणि बाकीच्या बाया अंगणात. सारंग म्हणाले, "हबेस." आठ माणसांनी पाठ टाकली, कप्प्या किरकिरल्या, डोलकाठी बुडातून एकदा बोलली. इंजिन ओंडक्यांवरून सुटलं. एक वीत. सारंगांनी हात वर केला, दोराला खुंट्यावर तीन वेढे बसले, आणि सगळं गप झालं. इंजिन हवेत, किंचित गोल फिरतंय, आणि खालच्या गवतावर त्याची सावली. सारंगांनी विडी काढली.

माझं काम ताणावर तळहात ठेवून उभं राहायचं. भरलेला ताण हाताला लाकडासारखा लागतो. आतून बारीक थरथर येते, जिवंत जनावराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी. अर्धी विडी झाली. आणि ती थरथर थांबली. आधी वाटलं, माझाच हात बधिर झाला. दुसरा हात ठेवला. दोर मऊ. मग झाडीपलीकडून चपक-चपक असा आवाज आला, लाकडाखाली पाणी खेळतं तो. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो. मचवा तरंगला होता. चिखलात बसलेला मचवा हत्तीनं ओढून हलत नाही आणि तरंगता मचवा पोर एका हातानं सरकवतं; आणि याला तर अख्खं इंजिन ओढत होतं. वर पाहिलं. डोलकाठीचं डोकं उजवीकडे चाललेलं, अगदी सावकाश, घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखं. माझ्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे विडीकडे बघत होते, कधी संपते म्हणून.

खरं लिहितो. त्या वेळी माझ्या मनात इंजिन पहिलं आलं नाही. पहिलं आलं ते हे, की मी थांब म्हटलं तर सगळे झाडीमागं जाऊन बघतील. मग वाटलं, कदाचित एवढंच सरकेल, पुढं नाही सरकणार. असा विचार करत मी किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक. दोन झुरके झाले असतील. सारंगांनी विडीचं थोटूक टाकलं, पायानं विझवलं आणि उठून तोंड उघडलं. बा होडीत खाली वाकला, इंजिन येईल त्याच्या बरोब्बर खाली. ते बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं:

"थांबा."

सारंग हबेस म्हणायला निघालेला माणूस, त्याच श्वासात म्हणाला, "आरिया." खुंट्यावरचे वेढे सुटले, इंजिन एक वीत खाली आलं आणि ओंडक्यांवर टेकलं. टेकलं, आणि त्यासरशी डोलकाठी हातभर उजवीकडे कलंडून, उरलेल्या तीन ताणांवर आडवीतिडवी अडकून उभी राहिली. इंजिन तेव्हा माणसाच्या डोक्याइतकं वर असतं, तर काय झालं असतं ते सगळ्यांनाच दिसलं.

चुलता म्हणाला, "काय झालं रं काशा?" सारंगांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो गप बसला. मग ते माझ्या ताणावर हात फिरवत फिरवत झाडीत शिरले. मी मागं गेलो नाही. थोड्या वेळानं ते दोर सोडवून, त्याची गुंडाळी खांद्यावर टाकून परत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. बा होडीतून उतरून आला होता, चेहरा लाल. तो काही विचारणार तेवढ्यात सारंग म्हणाले, "जोमा, थांब बोलणाऱ्याला विचारायचं नाय. उद्याच्या भरतीला लावू." बाचे ओठ हलले आणि मिटले. माझ्या बाला असं मिटताना मी आधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरात कालवण होतं. आयनं मला वाढलं, माझ्याकडे पाहिलं, आणखी एक भाकरी टाकली. तेवढ्यात बाहेरून मचव्याचा तांडेल, म्हणजे ती नाव चालवणारा, आरडत आला. कुण्या शहाण्यानं त्याच्या मचव्याच्या नाळेला दोर घासून रंग खरवडला म्हणून. सारंग जेवता जेवता म्हणाले, "मी बांधला होता. भूल झाली, माफी दे." तांडेलानं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं आणि निघून गेला. बा खाली मान घालून जेवत राहिला. थप्पड बसली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, उजाडताच, मी फावडं घेऊन गेलो. आता अक्कल आली होती: खड्ड्याच्या चारी बाजूंनी आधी बांबू ठोकले, त्यांना फळ्या लावल्या, म्हणजे चिखल ढासळणार नाही. पाण्यासाठी डबा. मांडीपर्यंत झालं असेल तेव्हा पाठीमागं पावलं वाजली. बा होता. काठावर उभा राहून त्यानं तो खड्डा बघितला. काल जो खड्डा व्हायला हवा होता, तो मी आज खोदतोय, म्हणजे काल तो नव्हता. मचव्याचा तांडेल काय ओरडत होता, सारंग काय म्हणाले, सगळं एकमेकांत बसायला बाला किती वेळ लागणार. मी फावडं मारतच राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती. मग धोतराचा काचा मारल्याचा आवाज आला, आणि बा खाली उतरला. डबा उचलला आणि पाणी उपसायला लागला. दोघं एका खड्ड्यात, खांद्याला खांदा घासतोय. कमरेइतका झाला तेव्हा मी थांबलो. बानं पायानं तळ चाचपला.

"आजून एक हात," तो म्हणाला.

त्या सगळ्या प्रकारावर तो माझ्याशी जे काही बोलला ते एवढंच. पुढं कितीतरी वर्षं आम्ही एका होडीत होतो, भांडलो, अबोले धरले, पण ते त्यानं कधी काढलं नाही. आम्ही एक हात आणखी खोदला. ओंडका दोघांनी मिळून ठेवला.

त्या दिवशीच्या भरतीला इंजिन एक वीत उचललं, सारंगांनी विडी पेटवली, आणि माझ्या आयुष्यात मी कुठल्या विडीकडे एवढ्या प्रेमानं बघितलं नाही. आळीतलं कुणीही कुजबुजलं नाही. चुलत्यानं तर म्हटलं, चाचा, घाई करू नका. विडी संपली. ताण लाकडासारखा. हबेस. मग मागचे ताण हात-हात सोडत वासा पुढं झुकवला, मी सोडतोय, चुलता सोडतोय, सारंगांचं बोट जसं हलेल तसं. इंजिन पाण्यावरून गेलं, होडीवर थांबलं, आणि आरिया. बैठकीत बसलं ते असं, की बानं चार बोल्ट हातानंच फिरवले. होडी चार बोटं खाली गेली आणि स्थिर झाली. दोन दिवसांनी मिस्त्री आला, दांडा फिरवला, आणि आमच्या खाडीत पहिल्यांदा आमचा आवाज उठला. आय कानावर हात ठेवून हसत होती. रात्री काशा घोरतो त्यापेक्षा बरं आहे, म्हणाली. त्या वर्षी उत्तनवाल्यांच्या शेजारून जाताना बानं हात हलवला.

हे सगळं आत्ताच का आठवलं तेही लिहितो. लोडशेडिंग वाढल्यापासून आमच्या सोसायटीनं लिफ्टसाठी जनरेटर घेतला. जनरेटर म्हणजे इंजिनच, नाव मोठं. गेटमधून क्रेन आत येईना, म्हणून ठेकेदारानं लोखंडी पाइप उभा करून जुन्या पद्धतीचा डेरिक लावला. मी खालच्या बाकावर बसलो होतो. वाटलं, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटलं. तीन ताण पाहिले, बरे होते. चौथा कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेलेला. उठून भिंतीपलीकडे डोकावलो तर दोर रस्त्यात उभ्या टेम्पोच्या हुकला बांधलेला. टेम्पो दगड-विटांनी भरलेला, जड, जागचा हलायचा नाही असा. आणि टेम्पोचा ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत होता.

जनरेटर तोवर जमिनीवरून सुटला होता. मी म्हणालो, थांबा. सुपरवायझर पोरगेला, मोबाईलवर बोलत होता. "अंकल, आप बैठो ना आराम से." मी पुन्हा म्हटलं. त्यानं हातानंच बाजूला व्हा म्हटलं. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. ज्या सिमेंटच्या ओट्यावर जनरेटर ठेवायचा होता त्यावर जाऊन मी मांडी घालून बसलो. म्हटलं, आता ठेव माझ्या मांडीवर. गॅलरीतून वर्षा ओरडली, बाबा, काय चाललंय. वॉचमन हसायला लागला. पण त्यांचा मुकादम, पन्नाशीचा बिहारी माणूस, त्यानं माझ्याकडे पाहिलं, वर पाइपाकडे पाहिलं, आणि काही न विचारता हातानं खाली सोडायची खूण केली. जनरेटर टेकला. तेवढ्यात भिंतीपलीकडे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मुकादम धावला, पण ड्रायव्हरला थांबवेपर्यंत टेम्पो दोन हात पुढं आला होता आणि पाइप तेवढाच कलला.

सुपरवायझरचा चेहरा उतरला, मग लाल झाला. खेकसला, "गाडी को किसने बांधा? कौन है वो?" पाच मजूर उभे. त्यांतला एक, जाड मिशांचा, चांगला बाप्या गडी, जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ते कान मला ओळखीचे वाटले.

मी ओट्यावरून उठलो नाही. म्हणालो, "पूछने का नहीं. पहले गड्ढा खोदो."

मिशीवाल्यानं न सांगता फावडं उचललं. बागेच्या कडेला खोदायला लागला. घंटाभरानं कमरेइतका झाला तेव्हा तो थांबला आणि घाम पुसत त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काठीनं तळ चाचपला.

"और एक हाथ," मी म्हणालो.